गाड्यांचं बोलणं आणि अंधारातली ट्रॉली

मित्रांनो, मी वाशीचा म्हटलं की होस्टेलवर पहिला प्रश्न येतो, "नवी मुंबई का?" नाही बाबांनो, धाराशिव जिल्ह्यातली वाशी! सोलापूर-धुळे महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो. पूर्वीचा २११, आताचा ५२ नंबर. गेल्या गाळप हंगामात रात्री पारगावजवळ मामांच्या मोटारसायकलवर मागे बसलो होतो. पंक्चर झालेली उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. मामांनी ऐनवेळी हँडल वळवलं, म्हणून हा लेख लिहितोय.

आधी थोडं गणित. ताशी ८० कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, म्हणजे ३३ मीटर संपले. पुढे ५ मीटर प्रतिसेकंद वर्ग मंदन धरलं, तर थांबायला आणखी ४९ मीटर लागतात. एकूण ८२. ट्रॉली ५० मीटरवर दिसली तर गाडी ताशी ६५ च्या वेगाने तिच्यावर आदळणार! डोळ्यांच्या आधी कळायला हवं, ते इथे.

त्यासाठीच वाहन-ते-वाहन संपर्काची कल्पना आहे. प्रत्येक गाडी आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेकची स्थिती सेकंदाला साधारण १० वेळा रेडिओवर सांगते. बँड ५.९ गिगाहर्ट्झचा. वाय-फायच्याच घराण्यातलं ८०२.११पी हे मानक २०१० साली आलं. मोकळ्या रस्त्यावर ३०० मीटरवरून संदेश मिळाला, तर हाताशी १३ सेकंद येतात.

मग अडचण काय? आपली मेस आठवा. सगळे एकदम ओरडले की वाढप्याला कोणाचंच ऐकू येत नाही. ३०० बाइटचा संदेश ६ मेगाबिट वेगाने पाठवायला ०.४ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला १० संदेश म्हणजे एका गाडीचे ४ मिलिसेकंद. कागदावर २५० गाड्यांत चॅनेल पूर्ण भरला. प्रत्यक्षात टकरी त्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. शिवाय हे प्रसारण सर्वांसाठी असल्यामुळे पोच मिळत नाही. संदेश वाया गेला हे पाठवणाऱ्याला कळतच नाही. त्यात चढाच्या दोन्ही बाजूंच्या गाड्या एकमेकींना ऐकू येत नाहीत, दोघी एकदम बोलतात आणि माथ्यावरच्या गाडीला नुसता गोंधळ ऐकू येतो.

सुधारणेचे मुख्य मार्ग असे :

१) गर्दी वाढली की संदेशांची संख्या किंवा रेडिओची शक्ती कमी करणे.
२) अचानक ब्रेकसारख्या संदेशाला प्राधान्य देणे आणि तो दोन-तीनदा पाठवणे.
३) वळणावर, चढाच्या माथ्यावर खांबावरून संदेश पुढे पाठवणे.
४) वेळेचे तुकडे आधीच राखून ठेवणे. २०१७ च्या सुमारास आलेल्या सेल्युलर पद्धतीत गाड्या चॅनेल ऐकून स्वतःच अशी जागा निवडतात.

पण खरी मेख वेगळीच आहे. १०० पैकी १० गाड्यांत यंत्र असेल, तर समोरासमोर आलेल्या दोन्ही गाड्यांत ते असण्याची शक्यता फक्त १ टक्का! अमेरिकेने १९९९ साली यासाठी ७५ मेगाहर्ट्झ राखून ठेवले, पण वापर वाढेना. शेवटी २०२० साली त्यातले ४५ वाय-फायसारख्या वापराला देऊन टाकले.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडे सुरुवात महागड्या कारपासून नको, सर्वात हळू चालणाऱ्या वाहनापासून व्हावी. ट्रॉलीला आधी रिफ्लेक्टर पट्टी, मग "मी इथे उभी आहे" एवढंच सांगणारा बॅटरीवरचा छोटा बीकन. ई.एस.पी.-३२ बोर्डवर याचा नमुना लॅबमध्ये सहज होईल, आणि मोटारसायकलवर ऐकणारा बोर्डही तोच. गर्दीतल्या टकरी एन.एस.-३ आणि सुमो या मोफत सॉफ्टवेअरवर तपासता येतील.

मित्रांनो, फायनल इयरला प्रोजेक्ट शोधताय ना? विषय उसाच्या फडाबाहेर रस्त्यावर उभा आहे. फक्त त्याला दिवा नाही.