लॅपटॉपवर क्षयरोगाची लस सापडते का?

प्रश्न : माझी धाकटी मुलगी शिवाजी विद्यापीठात जीवतंत्रज्ञान शिकते. क्षयरोगाच्या लसीसाठी प्रतिजन शोधण्याचा प्रकल्प ती घरी बसून लॅपटॉपवर करते आहे. जंतू समोर नसताना त्यातलं काय शोधतात? आणि असं घरबसल्या सापडत असेल, तर लस अजून का आली नाही? थोरलीच्या बाळाला बीसीजी दिली आहे, ती पुरत नाही का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी बाळाचं बघू. बीसीजी दिलीत ते योग्यच केलंत. 1921 पासून वापरात असलेली ही लस लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून चांगलं संरक्षण देते. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयावर मात्र तिचा भरवसा धरता येत नाही. तमिळनाडूत चेंगलपट्टूला 1968 मध्ये सुरू झालेल्या प्रचंड मोठ्या चाचणीत या क्षयावर तिचा उपयोग दिसला नाही. आणि खोकल्यातून पसरतो तो हाच क्षय. नवी लस हवी आहे ती त्यासाठी.

आता लॅपटॉपकडे वळू. क्षयाच्या जंतूचा पूर्ण जनुकीय आराखडा 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 44 लाख अक्षरं आणि चार हजारांच्या आसपास जनुकं आहेत. जनुक कळलं की त्यापासून बनणाऱ्या प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा क्रम कळतो. तुमच्या मुलीसमोर असतो तो हा मजकूर. जंतूला हात लावायची गरज या टप्प्यावर नसते.

प्रतिजन म्हणजे जंतूचा असा भाग, जो आपल्या प्रतिकारशक्तीला ओळखता येतो. उदाहरणार्थ, ईसॅट-6 हे या जंतूचं छोटंसं प्रथिन, अवघ्या 95 अमिनो आम्लांचं. त्याचे पंधरा-पंधराचे तुकडे करायचे. पहिला 1 ते 15, दुसरा 2 ते 16, असं सरकत गेलं की 81 तुकडे होतात. सगळ्या प्रथिनांचे असे तुकडे मोजले तर आकडा दहा लाखांच्या पुढे जातो. इतके तुकडे प्रयोगशाळेत कोण तपासणार? संगणक प्रत्येकाला गुण देतो आणि वरचे मोजके निवडतो.

गुण देण्याच्या पद्धतींपैकी एक आपल्या पुण्याची आहे, आणि हे सांगताना मला खरोखर अभिमान वाटतो. पुणे विद्यापीठातील अशोक कोळसकर आणि टोणगावकर यांनी 1990 मध्ये ती मांडली. प्रयोगांतून आधीच माहीत झालेल्या प्रतिजनी तुकड्यांत कोणती अमिनो आम्लं वारंवार येतात हे पाहून त्यांनी साधं गणित बसवलं. सुमारे 75 टक्के अचूकतेचं हे गणित जगभरचे विद्यार्थी आजही वापरतात.

पण इथेच एक गैरसमज होतो, आणि तो विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही दिसतो. हे गणित प्रतिपिंडं कुठे चिकटतील ते सांगतं. प्रतिपिंडं रक्तात फिरतात, तर क्षयाचा जंतू आपल्याच पेशींच्या पोटात दडून राहतो. तिथवर पोचायला मुख्यतः प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशी लागतात. टी-पेशींना अख्खा जंतू दिसत नाही. बाधित पेशी जंतूच्या प्रथिनाचा तुकडा एचएलए नावाच्या रेणूवर बसवून बाहेर दाखवते, तेवढाच त्यांना दिसतो. म्हणून क्षयासाठी विचारायचा प्रश्न निराळा : हा तुकडा एचएलएवर बसेल का? त्यासाठीचे प्रोग्रॅम वेगळे आहेत. चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत गजेंद्र राघव यांनी 2001 मध्ये तयार केलेला ‘प्रोप्रेड’ त्यांतलाच.

मूत्रपिंड बदलताना जुळवून पाहतात तेच हे एचएलए. माणसागणिक ते बदलतं. तुमच्या पेशीवर बसणारा तुकडा शेजारणीच्या पेशीवर बसेलच असं नाही. त्यामुळे अनेक प्रकारच्या एचएलएवर बसणारे, जंतूच्या सगळ्या वाणांत सारखे असणारे आणि माणसाच्या प्रथिनांशी साम्य नसलेले तुकडे निवडावे लागतात.

मग अडतं कुठे? पद्धतीत खोट नाही. मेंदूज्वराच्या ‘ब’ प्रकारच्या जंतूवरची लस अशीच जनुकीय आराखड्यापासून सुरुवात करून मिळाली आणि 2013 मध्ये तिला युरोपात मंजुरी मिळाली. पण तिथे प्रतिपिंडांनी काम भागतं. क्षयात ‘ओळखलं’ म्हणजे ‘रोखलं’ असं होत नाही. पत्रिकेत छत्तीस गुण जुळले तरी संसाराची हमी कुणी देत नाही, तसंच हे. 85-ए हा नावाजलेला प्रतिजन घेऊन केलेली लस दक्षिण आफ्रिकेत बाळांना दिली. टी-पेशी जाग्या झाल्या, पण 2013 मध्ये निष्कर्ष आला तो असा की क्षय टळला नाही.

त्याआधी 2010 मध्ये एक चक्रावणारी गोष्ट पुढे आली होती. इतर अनेक जंतू टी-पेशी ओळखतात तेच भाग बदलून निसटतात. क्षयाच्या 21 वाणांची तुलना केली, तर नेमके तेच भाग सर्वांत कमी बदललेले निघाले. म्हणजे ओळखलं जाणं या जंतूच्या पथ्यावर पडत असावं. आपल्या प्रतिकाराच्या धुमश्चक्रीत फुप्फुसाला पोकळी पडते आणि खोकल्यावाटे तो बाहेर पडतो. हे खरं असेल, तर सर्वाधिक गुण मिळवणारा तुकडा लसीसाठी सर्वांत चांगला असेलच असं नाही. या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पेच तो हा, आणि गुणांच्या तक्त्यात तो दिसत नाही.

सध्या सर्वांत पुढे असलेल्या एम-72 लसीतली दोन प्रथिनं संगणकाने सुचवलेली नाहीत. संसर्ग होऊनही निरोगी राहिलेल्या माणसांच्या रक्तपेशी त्यांना प्रतिसाद देतात, हे पाहून ती पुढे आली. 2019 च्या निष्कर्षांत तिने आधीच संसर्ग असलेल्या प्रौढांत सुमारे 50 टक्के संरक्षण दिलं. 2024 पासून पाच देशांत, वीस हजारांपर्यंत लोकांवर तिची अंतिम चाचणी चालू आहे. भारत त्या पाचांत नाही. वेळ लागतो, कारण संसर्ग झालेल्यांपैकी थोड्यांनाच क्षय होतो आणि तोही कित्येकदा काही वर्षांनी.

मुलीच्या हाती शेवटी येईल ती तपासण्याजोग्या तुकड्यांची यादी. प्रयोगशाळेतला वर्षानुवर्षांचा खर्च त्याने वाचतो, हे काम लहान नाही. तिला एवढं मात्र विचारा : हे तुकडे आपल्याकडच्या लोकांत आढळणाऱ्या एचएलए प्रकारांवर तपासलेस का? कारण अशा प्रोग्रॅमना शिकवायला वापरलेली माहिती बरीचशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे.