कॉलेज नको म्हणणाऱ्या पोरींच्या आयांसाठी

कराडच्या बाजूला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, नदीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, त्या मी भरून देते. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं, कॉलेजला गेले नाही. दरवर्षी निकाल लागले की कोणी ना कोणी आई मुलीला घेऊन दुकानात येते. "ताई, ही पुढं शिकत नाही म्हणते. काय करायचं हिचं?" त्यांना मी जे सांगत आले, ते इथं लिहिते.

१. आधी पोरीला एकटीला विचारा.

'शिकायचं नाही' या वाक्यामागं खूप काही असतं. एसटी वेळेवर येत नाही, स्टँडवर पोरं त्रास देतात, धाकट्या भावाची फी आधी भरायची आहे, घरात स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. तिला खरं शिकायचं असेल आणि अडचण पैशाची असेल, तर मी कॉलेजच्याच बाजूनं भांडते. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. कितीतरी बापांना हे ठाऊकच नसतं. पुढचं सगळं आहे ते जिला मनापासून वर्गात बसायचं नाही, हातानं काही करायचं आहे, तिच्यासाठी.

२. 'लग्न होईपर्यंत काहीतरी' हे डोक्यातून काढा.

या एका विचारानं पोरींचं फार नुकसान केलं आहे. त्यातूनच दोन-तीन महिन्यांचे क्लास निवडले जातात: थोडं शिवण, थोडं पार्लर, थोडी मेंदी. शिवणकामाला मी कमी लेखत नाही. मुंढ्यात चुणी न येता प्रिन्सेस कटचा अस्तराचा ब्लाउज बसवणारी बाई आमच्या बाजारपेठेत लग्नसराईत नवं काम घेऊ शकत नाही, इतकं तिच्याकडं पडलेलं असतं. पण तो हात वर्षानुवर्षं कापड कापून आला आहे. शिवणच करायचं तर आयटीआयचा वर्षाचा कोर्स करा, नाहीतर चांगल्या टेलरकडं नेटानं बसा. काम निवडताना ते लग्नानंतर दुसऱ्या गावात चालेल का, हेही बघा. रिवायंडिंग चालतं, नर्सिंग चालतं, शिवण चालतं.

३. फी भरायच्या आधी कागद बघा.

माझ्या मावसबहिणीनं एका गाळ्यातल्या 'नर्सिंग इन्स्टिट्यूट'मध्ये वर्ष घालवलं. पांढरा ड्रेस होता, ओळखपत्र होतं, शेवटी फ्रेम केलेलं सर्टिफिकेटही मिळालं. सरकारी भरतीचा अर्ज भरताना कळलं की नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात लिहायला तिच्याकडं काहीच नाही. आजही ती एका खाजगी दवाखान्यात नर्सचंच सगळं काम करते आणि पगार मदतनिसाचा घेते. ती हुशार आहे, तिचा हात हलका आहे, सलाइन लावावी तर तिनंच. म्हणून मला याचा राग जास्त येतो.

खरा एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा असतो, जीएनएमचा तीन वर्षांचा. दोन्हींना बारावी लागते, आणि पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी होते. ऑफिसात जाऊन एकच प्रश्न विचारा: "पास झाल्यावर हिची नोंदणी कुठं होणार?" उत्तर सरळ आलं नाही तर चहासुद्धा न घेता उठा. आयटीआयच्या बाबतीत ट्रेडला केंद्र सरकारची, म्हणजे पूर्वीच्या एनसीव्हीटीची, मान्यता आहे का, ते विचारा.

४. पोरींचा ट्रेड, पोरांचा ट्रेड असं काही नसतं.

आपल्याकडं आयटीआयमध्ये मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत. तरी पोरी शिवण आणि कॉम्प्युटरकडंच वळतात, इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमनकडं फार थोड्या जातात. कारण विचारलं तर घरचे म्हणतात, अंगमेहनतीचं काम आहे.

माझं काम सांगते. मोटार उघडली की करपलेल्या वार्निशचा वास येतो. जुनी कॉइल फेकायच्या आधी तिचे टर्न मोजायचे, तारेचा गेज मायक्रोमीटरनं घ्यायचा, कनेक्शन वहीत काढून ठेवायचं. ते राहिलं तर नवं वाइंडिंग अंदाजानं होतं, आणि अंदाजानं भरलेली मोटार पाण्याच्या दोन पाळ्या काढत नाही. मग स्लॉटमध्ये पेपर बसवायचा, फर्म्यावर कॉइली गुंडाळायच्या, तारेवरचं इनॅमल न खरवडता एकेक तार आत सरकवायची, दोऱ्यानं आवळायची, वार्निश पाजून वाळवायची, शेवटी मेगर लावून बघायचं. यात लागतो तो सबुरीचा हात आणि हिशेबाचं डोकं. जड मोटार उचलायला चेन पुली आहे.

सुरुवातीला शेतकरी दारातूनच विचारायचे, "मिस्त्री कुठाय?" मीच मिस्त्री म्हटल्यावर काही जण मोटार परत गाडीत टाकायचे. पण ऊस वाळायला लागला, लाइट रात्रीचीच आली, की मोटार सकाळपर्यंत हवी असते. ती वेळेत भरून मिळाली की पुढच्या वेळी तेच शेतकरी शेजाऱ्यालाही घेऊन येतात.

सुरेखा यादव सातारा जिल्ह्यातल्याच. कराडच्या पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेत गेल्या आणि आशियातली पहिली बाई ट्रेन ड्रायव्हर म्हणून नाव झालं. २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारतही त्यांनी चालवली. पॉलिटेक्निकला दहावीनंतर जाता येतं, हे मात्र प्रत्येक पोरीला मलाच सांगावं लागतं.

५. भरतीची तयारी करा, पण नुसती भरतीच नको.

पोलीस शिपाई बारावीवर होता येतं. ग्रामीण डाकसेवकाची निवड दहावीच्या मार्कांवर होते. महावितरणला विद्युत सहायक व्हायचं तर इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा ट्रेड लागतो, आणि पोलवर चढणाऱ्या मुली आता आमच्या भागात दिसतात. पहाटे ग्राउंडवर आठशे मीटर पळणाऱ्या पोरी बघितल्या की मला फार बरं वाटतं. पण अकादमीची फी भरत, पुढच्या जाहिरातीची वाट बघत त्यांची उमेदीची वर्षं निघून जाताना मी बघितली आहेत. ग्राउंड सकाळी करा आणि दिवसा एखादा ट्रेड शिका.

६. एमआयडीसीत लागलात तर पहिल्या महिन्यातच विचारा.

पीएफ कापला जातो का, यूएएन नंबर कुठाय, ईएसआयचं कार्ड कधी मिळणार. एकवीस हजारांपर्यंत पगार असेल तर, ईएसआय लागू असलेल्या कारखान्यात, ते कार्ड तुमचा हक्क आहे. नियमाप्रमाणे हजेरी भरली असेल तर बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजाही त्यातच मिळते. ठेकेदार 'नंतर बघू' म्हणेल, तुम्ही परत विचारा. दुसऱ्या पाळीनंतर घरी सोडायला गाडी आहे का आणि बायकांचं स्वच्छतागृह कुठं आहे, हे रुजू व्हायच्या आधी स्वतः जाऊन बघा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. २०१३ चा कायदा आहे तो.

७. पैसा स्वतःच्या खात्यात.

आमच्याच जिल्ह्यात म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं परत पाठवला होता, कारण बऱ्याच बायकांचे अंगठे होते. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. पैशाचा हिशेब आपल्याच हातात ठेवायचा तो असा. पहिला पगार आला की पोरीचं खातं तिच्याच नावावर उघडा, एटीएम कार्ड तिच्याकडंच राहू द्या, आणि कुठल्याही कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून तिची सही घेऊ नका.

८. कॉलेज पुढंही करता येतं.

दोन वर्षांचा ट्रेड झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना, संसार करणाऱ्यांना घरी बसून पदवी घेऊ देतं. माझ्याकडं शिकलेली एक मुलगी तसंच बी.कॉम. करते आहे, दुपारी काम हलकं असलं की काउंटरवर पुस्तक उघडते. मला जीएसटीचं आता तीच समजावून सांगते.

आयटीआयचे अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमाराला ऑनलाइन सुरू होतात. उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये आधीच अर्ज करून ठेवा, जूनमध्ये तिथं फार रांग असते. अर्जात ट्रेडचे पर्याय भरताना मोबाइल पोरीच्या हातात द्या.