वजन घटल्यानंतर चेहऱ्याची त्वचा

शरीराचे वजन झपाट्याने उतरले की ती वार्ता सर्वप्रथम चेहरा सांगतो. गाल बसतात, डोळ्यांखाली खळगे पडतात, जबड्याखालची कातडी सैल होते. कालपर्यंत 'थोडे बारीक व्हा' म्हणणारे आप्तच 'आजारी होता की काय?' असे विचारू लागतात. हा प्रश्न वरवर साधा असला तरी त्याचे उत्तर नीट शोधणे अगत्याचे आहे.

बेंगळूरच्या शिवाजीनगर भागाचे उदाहरण घेऊ. लगतच्या कमर्शियल स्ट्रीटवर लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी गर्दी लोटते. मुहूर्तापूर्वी दोन महिन्यांत दहा किलो वजन उतरवण्याची घाई अशा वेळी अनेकांना झालेली असते. तेथून थोड्याच अंतरावर एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेले बोअरिंग आणि लेडी कर्झन रुग्णालय आहे. ओसरलेले गाल दोन्हीकडे आढळतात. त्यांची कारणे मात्र अगदी भिन्न असतात.

चेहऱ्याची घडण

त्वचेचे दोन मुख्य थर आहेत: बाह्यत्वचा आणि तिच्याखालील अंतस्त्वचा. अंतस्त्वचेतील कोलॅजेनच्या तंतूंमुळे त्वचेला बळकटी येते आणि इलॅस्टिनच्या तंतूंमुळे ती ताणल्यावर पूर्ववत होते. या थरांच्या खाली मेद असतो. चेहऱ्यातील हा मेद सलग पसरलेला नसून वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेला आहे, असे रॉरिक आणि पेसा या अमेरिकन संशोधकांनी 2007 मध्ये दाखवून दिले. कप्पे सारख्या प्रमाणात रिते होत नाहीत. म्हणूनच चेहऱ्यावर कोठे खळगा, तर कोठे लोंबती घडी दिसते.

उशीतला कापूस काढून घेतला तर अभ्रा तेवढाच राहतो आणि त्याला चुण्या पडतात. येथेही तसेच घडते. फरक एवढाच की त्वचा सजीव असल्यामुळे ती काही अंशी आक्रसू शकते. ही क्षमता तारुण्यात अधिक असते. वाढते वय, धूम्रपान, वर्षानुवर्षांचे ऊन आणि दीर्घकाळ टिकलेली स्थूलता यांमुळे ती उणावते.

अन्न तोडल्याने काय होते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाला. ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुण स्वयंसेवकांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. गाल आत गेले, त्वचा रुक्ष झाली, केस गळू लागले. त्वचा ही शरीराच्या पोषणावरच जगते, हा त्यातला धडा होय.

आधी कारण शोधावे

प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर प्रसाधनांच्या दुकानाआधी दवाखान्याची वाट धरावी. मधुमेह, क्षयरोग, अवटुग्रंथीचे विकार, आतड्यांचे रोग आणि कर्करोग यांचे हे लक्षण असू शकते. सतत तहान लागणे, वारंवार लघवीस जाणे, दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा रात्री घाम येणे यांपैकी काही सोबत असल्यास विलंब करू नये.

वजन फारसे न घटताही गाल बसू शकतात. भारतात एचआयव्हीबाधितांना सरकारी केंद्रांतून मोफत औषधे देण्यास एप्रिल 2004 मध्ये प्रारंभ झाला. त्या काळी वापरात असलेल्या स्टॅव्ह्युडिन या औषधाने अनेकांच्या गालांतील मेद विरून गेला. औषधाने प्राण वाचले, पण चेहऱ्यावरून लोक आपला आजार ओळखतील या भयाने कित्येकांना ग्रासले. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. चेहऱ्याची चिंता म्हणजे निव्वळ नटणे-मुरडणे, असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

अलीकडे भूक मंदावणारी इंजेक्शने आली आहेत. टिर्झेपॅटाइडचे 'मौंजारो' मार्च 2025 मध्ये आणि सेमाग्लुटाइडचे 'वेगोव्ही' जून 2025 मध्ये भारतात उपलब्ध झाले. यांच्या वापरानंतर चेहरा ओढल्यासारखा दिसतो, तो प्रामुख्याने वेगाने मेद घटल्यामुळे. तथापि, चेहऱ्यासाठी औषध परस्पर थांबवू नये. मात्रा व वेग यांविषयी डॉक्टरांशी बोलावे.

निगा कशी राखावी

पहिली निगा वेगाची. आठवड्याला अर्धा ते एक किलो, याहून घाई सामान्यतः करू नये.

दुसरी निगा आहाराची. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. वजन घटवताना स्नायू टिकावेत म्हणून याहून काहीसे अधिक घेण्याचा सल्ला दिला जातो. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र आधी विचारावे. डाळी, दही, अंडी, मासे हे सर्व चालेल. कोलॅजेन तयार होण्यास क जीवनसत्त्व आवश्यक असते. पेरू आणि आवळा यांत ते विपुल आहे. शिवाजीनगरच्या रहिवाशाला रसेल मार्केटमधला पेरू महागड्या कोलॅजेन भुकटीहून खचित स्वस्त पडेल.

तिसरी निगा उन्हाची. बेंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. हवा थंड म्हणून ऊन सौम्य, हा समज चुकीचा. उंचीबरोबर अतिनील किरणांची तीव्रता वाढतच जाते. छत्री किंवा रुंद काठाची टोपी वापरावी. किमान 30 एसपीएफचे सनस्क्रीन चेहऱ्याला व मानेला लावावे आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

चौथी निगा रोजची. सौम्य साबणाने चेहरा धुवावा व ओलसर असतानाच साधे मॉइश्चरायझर लावावे. रेटिनॉइडयुक्त मलमांनी बारीक सुरकुत्या काही महिन्यांत कमी होतात. ती रात्री, अल्प प्रमाणात लावावीत. गर्भवतींनी ती वापरू नयेत.

काय टाळावे

'शेजारणीला गुण आला' म्हणून औषधाच्या दुकानातून मलम आणून लावू नये. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने चार दिवस तुकतुकी येते. पुढे त्वचा पातळ व लाल होते, मुरुमे उठतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास प्रतिबंध केला, तो याच कारणाने. चेहरा जोराने रगडल्याने गेलेला मेद परत येत नाही.

अपेक्षा किती ठेवावी

वजन स्थिर झाल्यावर त्वचेला निदान सहा महिने अवधी द्यावा. या काळात रुक्षता जाते, कांती सुधारते, थोडी सैलही भरून निघते. केस गळणे बहुधा वजन घटल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होते आणि पोषण सुधारल्यावर थांबते. पुष्कळ सैल झालेली त्वचा मात्र कोणत्याही मलमाने घट्ट होत नाही. त्यासाठी भराव करणारी इंजेक्शने वा शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. ते प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ वा प्लास्टिक सर्जन यांच्याकडेच करावेत, कारण भरावाचे द्रव्य चुकून रक्तवाहिनीत गेल्यास दृष्टीही गमावण्याचा धोका असतो.

वजन विचारपूर्वक घटवलेले असेल आणि तपासण्या निर्दोष असतील, तर आरशातील नव्या चेहऱ्याची सवय व्हायला थोडा वेळ लागेल, इतकेच. मात्र वजन का घटले हे ठाऊक नसेल, तर त्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत आरसा बाजूला ठेवावा.