बुडणाऱ्याला वर काढले, पुढे काय?

आपल्या खाडीपट्ट्यात तर हे रोजचे वाहन. शाळकरी मुले, बाजाराला जाणाऱ्या बायका, हल्ली पर्यटकही तरीतून ये-जा करतात. बोटीवर सारंग आणि एक-दोन खलाशी एवढीच माणसे असतात. काही अघटित घडले, तर दवाखाना गाठेपर्यंत तेच डॉक्टर!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. धक्क्यावर उतरताना नऊ-दहा वर्षांचा मुलगा पाय घसरून पाण्यात पडला. एका तरुण खलाशाने लगेच उडी घेतली आणि तीनेक मिनिटांत त्याला वर काढले. पुढे मात्र जमलेल्या लोकांनी मुलाला पाय धरून उलटे केले, पोट दाबले, कुणी कांदा हुंगवला. माझ्याकडे आणला तेव्हा वीस मिनिटे उलटली होती. माझ्या प्रयत्नांचा उपयोग झाला नाही. आठवड्याने तो खलाशी आला. म्हणाला, "डॉक्टर, मी वेळेत काढला ना त्याला? मग तो गेला कसा?"

तेव्हापासून पावसाळ्यात, बोटी वर ओढलेल्या असताना, मी खलाशांना जे शिकवतो तेच आज येथे देत आहे.

पोटातले पाणी नव्हे, श्वास महत्त्वाचा

बुडालेला माणूस दगावतो तो प्राणवायू न मिळाल्याने. श्वास थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. उलटे टांगल्याने वा पोट दाबल्याने फुप्फुसे मोकळी होत नाहीत. उलट पोटातले अन्नपाणी श्वासनलिकेत जाते आणि मोलाचा वेळ फुकट जातो.

क्रमाने काय करावे?

१) माणूस पाण्यात पडताच मोठ्याने ओरडावे. एकाने त्याच्यावरची नजर न हलवता बोट दाखवत राहावे. पंखा लागू नये म्हणून बोट जवळ नेताना इंजिनचा गिअर काढावा.

२) आधी रिंग, दोर किंवा बांबू द्यावा. उडी हा शेवटचा उपाय. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाही मिठी मारून बुडवतो.

३) प्रवाशांना जागेवर बसवावे. सारे एका कडेला धावले तर बोट कलंडते.

४) वर काढल्यावर हाक मारावी, श्वास पाहावा. श्वास नसेल तर उताणे निजवून, हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून, तोंडाला तोंड लावून प्रथम पाच वेळा हवा फुंकावी. दर वेळी छाती वर येते का ते पाहावे.

५) तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी तळहाताने ३० वेळा दाब द्यावा, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, मोठ्या माणसात पाच-सहा सेंटिमीटर खोल. मग दोन श्वास, पुन्हा ३० दाब. उलटी झाल्यास कुशीवर वळवून तोंड पुसावे व पुन्हा सुरू करावे. मदत येईपर्यंत थांबू नये.

६) दरम्यान दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसात पाणी गेले असेल तर काही तासांनी धाप लागू शकते.

जॅकेट अंगावर हवे

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. बोटीत शंभरावर माणसे होती. या अपघातात पंधरा जणांचे प्राण गेले. अशा वेळी जॅकेट शोधून बांधायला सवड मिळत नाही. म्हणून सुटण्यापूर्वीच ते बांधायला लावणे हे खलाशाचे पहिले काम. प्रवाशांनीही त्यावर हुज्जत घालू नये.

हे सारे वाचून येत नाही, हातांना सवय लागते. महिन्यातून एकदा अर्धा तास घट्ट उशीवर दाब देण्याचा सराव करावा. श्वास देण्याची रीत मात्र जाणकाराकडूनच शिकावी. तो तरुण खलाशी आता दर पावसाळ्यात माझ्या शेजारी बसून नव्या पोरांना शिकवतो. पहिले वाक्य त्याचेच असते : "उलटा टांगू नका रे, श्वास द्या."