बाळाचे नाव: दोन भाषांत एकच हाक



बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू आईवडिलांना अगदी सुरुवातीलाच बाळाचे नाव विचारतात. उत्तर एका शब्दाचे असते, पण त्या शब्दावर घरात कधी कधी महिनाभर चर्चा झालेली असते. आजीला संताचे नाव हवे असते. आजोबांना वाटते, आपल्या वडिलांचे नाव पुढे चालावे. आईला अर्थपूर्ण मराठी नाव आवडते. वडील आखातात किंवा कॅनडात नोकरीला असतील तर त्यांना वाटते, तिथल्या लोकांना नीट उच्चारता येईल असे नाव ठेवावे. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य असते. मग निवड कशी करावी? ज्यांच्या घरी लवकरच बाप्तिस्मा आहे त्यांनी आणि होणाऱ्या धर्मपिता-धर्ममातांनी हा पाठ एकत्र बसून वाचावा.

1. पवित्र शास्त्रात दोन भाषांची नावे

दोन भाषांमध्ये जगणारे आपणच पहिले नाही. प्रभू येशूच्या काळी घरात अरामी, देवळात हिब्रू, बाजारात ग्रीक आणि सरकारदरबारी लॅटिन अशा भाषा चालत. त्यामुळे अनेकांना दोन नावे होती. यापो येथे गोरगरिबांसाठी कपडे शिवणाऱ्या शिष्येचे अरामी नाव टबीथा आणि ग्रीक नाव दुर्कस. दोन्हींचा अर्थ एकच, हरिणी (प्रे. कृत्ये 9:36). थोमाला दिदुम म्हणत. दोन्हींचा अर्थ जुळा (योहान 11:16). केफा म्हणजेच पेत्र, म्हणजे खडक (योहान 1:42). शौलाला पौल हेही नाव होते आणि परराष्ट्रीयांमध्ये सेवा करताना तेच नाव पुढे आले (प्रे. कृत्ये 13:9).

दानीएलाची गोष्ट मात्र वेगळी आहे. बाबेलच्या दरबारात त्याचे नाव बदलून बेल्टशस्सर ठेवण्यात आले (दानीएल 1:7). हे नाव त्याने मागितले नव्हते, ते त्याच्यावर लादले गेले. तरीही त्याची प्रार्थना बदलली नाही आणि आज आपण त्याला दानीएल म्हणूनच ओळखतो. परके नाव माणसाची श्रद्धा हिरावून घेऊ शकत नाही, हे यातून शिकावे.

सर्वात मोठे उदाहरण प्रभूचेच आहे. हिब्रूतील येशूआ हे नाव प्रत्येक भाषेत थोडे बदलले. मराठीत आपण येशू म्हणतो, कोकणीत जेजू. क्रुसावरचा फलकही हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत लिहिलेला होता (योहान 19:20). प्रभूचे नाव भाषा बदलली म्हणून परके झाले नाही.

2. ख्रिस्तसभा काय सांगते?

1917 च्या धर्मविधिसंहितेत (कलम 761) असा नियम होता की धर्मगुरूंनी बाळाला ख्रिस्ती नाव दिले जाईल हे पाहावे; तसे झाले नाही तर आईवडिलांनी दिलेल्या नावाला संताचे नाव जोडावे आणि दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत. घरात एक नाव आणि चर्चच्या वहीत दुसरे, असे जे आपल्या जुन्या पिढीत दिसते त्याला या नियमाचाही हातभार आहे.

1983 च्या संहितेत (कलम 855) हा नियम बदलला. आता आईवडील, धर्मपिता-धर्ममाता आणि धर्मगुरू यांनी एवढेच पाहायचे आहे की नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे. संताचे नाव ठेवणे ही सुंदर परंपरा आहे, पण सक्ती नाही. ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा (परिच्छेद 2156) सांगते की नाव संताचे असू शकते, तसेच ख्रिस्ती रहस्य किंवा सद्गुण सांगणारेही असू शकते. म्हणजे आशा, कृपा, करुणा, विश्वास, आनंद ही नावे आपल्याला मोकळी आहेत.

3. मराठी नाव ख्रिस्ती असू शकते का?

काही ज्येष्ठांना अजून वाटते की पेद्रू, जुजे, अंतोन हीच खरी ख्रिस्ती नावे. पण ही मुळात पोर्तुगीज रूपे आहेत. वसई 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, म्हणून ती आपल्याकडे आली आणि रुजली. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांचे वडील पोर्तुगीज आणि आई भारतीय होती. त्यांनी पोर्तुगीज नावानेच 1597 साली नागासाकी येथे हौतात्म्य पत्करले. त्या नावांचा आपल्याला अभिमान आहे, आणि असावा.

पण दुसरे उदाहरणही पाहा. त्रावणकोरच्या दरबारातील अधिकारी नीलकंठ यांनी 1745 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांना लाजरस हे नाव तमिळ रूपात दिले गेले: देवसहायम. लाजरस या नावाचा मूळ हिब्रू अर्थ 'देवाने साहाय्य केले' असाच आहे. 1752 साली ते हुतात्मा झाले आणि 15 मे 2022 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. आज जगभराच्या वेदीवर एक अस्सल भारतीय नाव आहे. आपल्या प्रोटेस्टंट बांधवांमध्ये बाबा पदमनजी आणि नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्म्यानंतरही आपली मराठी नावेच ठेवली, हेही आपण जाणतो.

आणखी एक गोष्ट. अपोल्लोस (प्रे. कृत्ये 18:24) या नावात ग्रीक देव अपोलो आहे, आणि मार्टिन या नावात रोमन युद्धदेव मार्स. ती नावे धारण करणाऱ्यांच्या जीवनामुळे ती ख्रिस्ती झाली. म्हणून एखाद्या शेजाऱ्याच्या बाळाचे नाव ऐकून नाक मुरडण्याआधी आपण थांबावे. शंका असेल तर धर्मगुरूंशी बोलावे.

4. नाव निवडताना चार कसोट्या

अर्थ: मूल पाच-सहा वर्षांचे झाले की विचारते, माझ्या नावाचा अर्थ काय? त्याला मराठीत उत्तर देता आले पाहिजे. पुष्कळ संतांच्या नावांना मराठीत जवळचे नाव सापडते. लुसी म्हणजे प्रकाश, तिच्याजवळची ज्योती. आयरीन म्हणजे शांती. सोफिया म्हणजे प्रज्ञा. व्हिक्टर म्हणजे विजय. हन्ना किंवा अ‍ॅना म्हणजे कृपा. मार्गारेट म्हणजे मोती, आणि आपल्याकडे मुक्ता. मत्तय म्हणजे देवाची देणगी, म्हणून देवदत्त. अशा जोडीतले एक नाव ठेवले तरी त्या संताचा सण घरात साजरा करता येतो.

उच्चार: नाव आजीला सहज हाक मारता आले पाहिजे आणि परदेशातल्या शिक्षिकेलाही. ळ, ण, ज्ञ ही अक्षरे बाहेरच्यांना जड जातात, तशी काही इंग्रजी जोडाक्षरे आपल्या वडीलधाऱ्यांना. अनिता, सोनिया, सारा, नील, किरण ही नावे दोन्हीकडे चालतात. स्पॅनिश भाषेत अनिता हे अ‍ॅनाचे लाडके रूप आहे आणि सोनिया हे सोफियाचे रशियन रूप. किरणशी जुळणारे किअरन हे नाव आयर्लंडमध्ये संताचे आहे.

स्पेलिंग: प्रज्ञा हे नाव मराठी माणूस इंग्रजीत एक तऱ्हेने लिहितो, हिंदी भाषक दुसऱ्या तऱ्हेने. ज्योतीच्या 'ती'साठी दक्षिणेत 'टी'नंतर 'एच' लावतात. म्हणून स्पेलिंग पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर लिहून ठेवावे.

टिकाऊपणा: आईवडिलांच्या नावांतील अक्षरे जुळवून नवे नाव बनवण्याची हौस आपल्याकडे आहे. त्यात प्रेम असते, पण बहुधा अर्थ नसतो आणि आदर्श म्हणून संतही नसतो. असे नाव घरगुती हाकेसाठी ठेवावे.

5. दोन वह्या, एक नाव

नाव महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत आणि चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत, अशा दोन ठिकाणी लिहिले जाते. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. तेव्हा नाव ठरले नसेल तर 12 महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येते आणि पुढे शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार, विवाहनोंदणी अशा कामांत जन्मदाखलाच जन्माचा पुरावा आहे. दुसरीकडे विवाहाच्या वेळी चर्चमध्ये बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. दोन्हींवर वेगळी नावे असली की ऐन लग्नाच्या घाईत कुटुंबाची धावपळ होते. दोन नावे ठेवायची असतील तर दोन्ही नावे, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने, दोन्ही ठिकाणी लिहावीत.

6. शेवटचा शब्द कोणाचा?

योहान बाप्तिस्त्याच्या जन्मानंतर शेजारीपाजारी आणि नातेवाईक बाळाला बापाचेच नाव ठेवायला निघाले होते. अलीशिबेने नकार दिला, तेव्हा आपल्या कुळात असे नाव कोणाचेच नाही, अशी तक्रार झाली. शेवटी मुक्या जखऱ्याने पाटीवर नाव लिहिले आणि आईचा शब्द राखला (लूक 1:59-63). आजी-आजोबांचे, मावशी-आत्याचे सर्वांचे ऐकावे, पण निर्णय पती-पत्नीने एकत्र प्रार्थना करून घ्यावा. आणि तो झाला की इतरांनी ते नाव प्रेमाने उच्चारावे. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो (योहान 10:3). त्याला कोणतीच भाषा परकी नाही.

घरी चर्चेसाठी:

1. माझ्या नावाचा अर्थ काय? माझा संत कोण आणि त्याचा सण कधी असतो?
2. माझ्या मुलांना त्यांच्या नावाची गोष्ट मी सांगितली आहे का?
3. आमच्या घरातील प्रत्येकाचे नाव जन्मदाखल्यावर आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर सारखेच आहे का?