कुंपणाचें झुडूप निवडतांना

आमच्या पुष्कळ वाचकांचें एक बिऱ्हाड गिरगांव, परळ किंवा लालबागेंत असतें आणि वडिलार्जित जमीन कोंकणांत असते. गांवीं जातांना शहरांतील एखाद्या आवारांतून चार फांद्या नेऊन घरासभोंवतीं लावण्याची हौस अनेकांस असते. हौस वाईट नव्हे. परंतु झुडूप निवडतांना आधीं फूल पाहावें कीं जागा, याचें उत्तर आम्ही मोल देऊन शिकलों, म्हणून हें लिहीत आहों.

महसूल खात्यांतील कारकुनीतून निवृत्त झालों त्या वर्षीं आम्हीं परळच्या चाळीच्या आवारांतील तांबड्या कण्हेरीच्या फांद्या गांवीं नेऊन गोठ्याच्या बाजूस कुंपणाला लावल्या. तिसऱ्या वर्षीं कुंपण फुलांनीं भरलें. छाटणी करून पाला बाहेर टाकला. तो शेजाऱ्याच्या वासरानें खाल्ला व रात्रींतच तें गेलें. कण्हेरीचा पाला हिरवा असो वा वाळलेला, त्यांतील विष हृदयावर चालतें. चाळीच्या आवारांत गुरें नव्हतीं, म्हणून तेथें तिचा हा दोष कधीं दिसला नव्हता. वासराची किंमत आम्हीं भरून दिली. शेजारधर्मांत आलेलें उणें मात्र भरून निघालें नाहीं.

हीच चूक मोठ्या प्रमाणावर पूर्वीं घडलेली आहे. रंगीत फुलांची घाणेरी, जिला कांहीं ठिकाणीं टणटणी म्हणतात, ती अमेरिका खंडांतून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेकरितां हिंदुस्थानांत आली. पांखरांनीं तिचें बीं पसरविलें आणि आज तिनें कित्येक गायरानें व्यापलीं आहेत. तिच्या पाल्यानें गुरांच्या यकृतास अपाय होतो. यास्तव निवडीचा पहिला नियम असा : जेथें गुरें फिरतात तेथें कण्हेर व घाणेरी लावूं नये.

दुसरा नियम जागेचा. मुंबई हीं मूळचीं सात बेटें. मधील खाड्या व सखल भाग भरून शहर वाढलें. म्हणून पुष्कळ आवारांत माती थोडी व राबिट फार, पावसांत पाणी तुंबतें आणि इमारतींची सावली पडते. अशा ठिकाणीं वाफा वीतभर उंच करावा. अर्धवट सावलींत तगर व अबोली, आणि चांगलें ऊन असेल तेथें जास्वंद लावावी. अडुळसाही फांदीपासून सहज येतो व त्याच्या पाल्यास गुरें सहसा तोंड लावीत नाहींत. रोप हातभर असतांना त्याचा विस्तार कळत नाहीं. म्हणून पूर्ण वाढलेलें झुडूप पाहूनच निवड करावी. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे हल्लींचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ सालापासून याच हवेंत उभी आहे. तेथें एक फेरी मारावी.

गांवच्या जांभ्या उताराला मात्र करवंदीसारखें झुडूप नाहीं. कॅलिफोर्नियांतील लोक आपल्या कोरड्या टेकड्यांवरील ‘मंझनीटा’, म्हणजे स्पॅनिश भाषेंत लहान सफरचंद, हें सदाहरित झुडूप बागेंत लावतात, कारण तें त्याच हलक्या जमिनीचें आहे. तें आपल्या पावसांत टिकावयाचें नाहीं. पण त्यांचा विचार घेण्याजोगा आहे. आपली करवंदही सदाहरित, हलक्या जमिनींत वाढणारी, कांट्यांनीं गुरें अडविणारी आणि वर फळ देणारी आहे.

मे महिन्यांत पिकलेल्या करवंदांचें बीं काढून, धुऊन, सावलींत सुकवून लगेच पेरावें. तें फार दिवस टिकत नाहीं. वर्षाचीं रोपें पुढील मृगांत दोन ते तीन फुटांवर लावावीं. पहिलीं दोन वर्षें उन्हाळ्यांत पाणी द्यावें. फळें संपल्यावर पावसाच्या तोंडीं हलकी छाटणी करावी. फार छाटल्यास फळ कमी येतें. पाणी सांचेल तेथें किंवा मुलांच्या वाटेवर ती लावूं नये. मोठ्या फळाची हौस असेल त्यांनीं दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाच्या ‘कोंकण बोल्ड’ या जातीचीं कलमें पाहावीं.

शेवटीं आमच्या जुन्या पेशाची एक सूचना. झुडूप हद्दीच्या आंत दोन हात लावावें व हद्दीचे दगड त्यांत बुजूं देऊं नयेत. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें त्या खुणा राखण्याची जबाबदारी जमीनधारकावर आहे. हरवलेल्या दगडावरून वर्षानुवर्षें चाललेले तंटे आम्हीं दप्तरांत पाहिले आहेत. कुंपण शेजाऱ्यापासून जमीन वेगळी करण्यासाठीं असतें, शेजारी तोडण्यासाठीं नव्हे. येत्या मृगापूर्वीं वाचकांनीं याचा विचार करावा.