नव्या समुद्री माशाची वेगळी टाकी

खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवा मासा सोडण्यापूर्वी त्याला काही आठवडे निराळ्या टाकीत ठेवावे, हा सल्ला बहुतेक हौशी मत्स्यपालकांनी ऐकलेला असतो. तरीही तो क्वचितच पाळला जातो, कारण दुकानातून आणलेला मासा तजेलदार दिसतो, खातो, पोहतो, आणि मग एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटते. वास्तविक विलगीकरणाचा कालावधी माशाच्या तब्येतीवरून ठरत नाही. तो ठरतो माशाच्या अंगावर बसून आलेल्या परजीवीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवाच्या, आयुष्यक्रमावरून. हा भेद नीट लक्षात घेतला तर टाकीची मांडणी, औषधाची मात्रा आणि दिवसांची मोजणी यांमागची कारणे समजणे सोपे जाते.

अशा परजीवींपैकी सर्वांत नेहमीचा म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स, ज्याच्या आजाराला मत्स्यपालक ‘मरीन इक’ म्हणतात. माशाच्या त्वचेत आणि कल्ल्यांत घुसून तो ३ ते ७ दिवस पोसला जातो, आणि याच काळात परांवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात; त्यानंतर तो मासा सोडून तळाशी उतरतो व स्वतःभोवती कोष विणून आत विभागत राहतो. मासा पाळणाऱ्याची फसगत नेमकी इथे होते, कारण ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असे त्याला वाटते, आणि प्रत्यक्षात मात्र परजीवी कित्येक पटींनी वाढण्याच्या तयारीत असतो. कोष साधारणतः ३ ते २८ दिवसांत फुटतो, काही परिस्थितींत त्याला ७२ दिवसही लागल्याची नोंद आहे, आणि त्यातून बाहेर पडलेल्या पोहणाऱ्या पिल्लांना एकदोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. अमायलूडिनियम हा दुसरा परजीवी याहून घातक आहे. त्याचे कण इतके बारीक असतात की माशाच्या अंगावर सोनेरी धुरळा बसल्यासारखा भास होतो, तोही तिरप्या उजेडात पाहिल्यासच, आणि कल्ल्यांत तो आधी शिरत असल्याने कित्येकदा धुरळा दिसण्यापूर्वीच मासा दगावतो.

या दोन्हींवर तांब्याचे औषध गुणकारी आहे, मात्र ते केवळ पोहणाऱ्या अवस्थेला मारते. त्वचेखालच्या आणि कोषातल्या परजीवीला त्याची झळ लागत नाही. शिवाय तांबे कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ अशा पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांना विषासमान असते, आणि जिवंत खडक व प्रवाळी वाळू ते शोषून घेतात. म्हणून मुख्य टाकीत एकदा लागण झाली की तिथे औषध घालता येत नाही. सगळे मासे बाहेर काढून ती टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. वेगळ्या टाकीचे खरे प्रयोजन हेच आहे की घरात औषध वापरता येईल अशी ती एकमेव जागा असते.

या टाकीला सजावट नको. लहान माशांसाठी ४० ते ८० लिटरची, तळाला वाळू नसलेली काचेची टाकी, हीटर, एअर पंप, स्पंज फिल्टर, वर झाकण आणि माशाला लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-चार तुकडे एवढे पुरे होते. टँगसारख्या सतत फिरणाऱ्या माशाला मात्र याहून मोठी टाकी लागते. लपायला जागा नसलेला मासा घाबरून अन्न टाकतो, त्यामुळे पाइपचे तुकडे चैनीत मोडत नाहीत. पाण्याचे तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस आणि विशिष्ट गुरुत्व, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेतील घनता, १.०२३ ते १.०२५ ठेवावे. जाळी, बादली, नळी आणि हात पुसण्याचे फडके स्वतंत्र असावे, आणि ही टाकी मुख्य टाकीला खेटून ठेवू नये, कारण अमायलूडिनियमची पिल्ले बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांबरोबरही शेजारी पोहोचतात.

अनेक विलग मासे परजीवीने नव्हे, तर अमोनियाने मरतात, आणि याची जबाबदारी पूर्णपणे पाळणाऱ्याची असते. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. जुन्या टाकीत जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, परंतु नव्या टाकीत ते जिवाणूच नसतात, आणि समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ च्या आसपास असल्याने कमी सामूच्या पाण्यापेक्षा अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात राहतो. यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे स्पंज फिल्टरचा स्पंज मासा विकत घेण्याच्या तीन-चार आठवडे आधीच मुख्य टाकीच्या फिल्टर-कप्प्यात टाकून ठेवणे, जेणेकरून त्यावर जिवाणूंची वस्ती होईल. तरीही अमोनियाची तपासणी रोज करावी, आणि तो आढळल्यास पाणी बदलावे. तांबे चालू असताना अमोनिया निष्प्रभ करणारी रसायने घालू नयेत, कारण त्यांच्या संयोगाने तांबे माशालाच जाचक ठरू शकते.

औषधाच्या बाबतीत अंदाजपंचे काम अजिबात चालत नाही. मोकळ्या आयनांच्या रूपातील तांब्याची मात्रा लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असते, तर सेंद्रिय रेणूला बांधलेल्या तांब्याची मात्रा त्याच्या सुमारे दहापट असते. एका प्रकारची मात्रा दुसऱ्या प्रकाराला लावली तर मासा तरी मरतो किंवा परजीवी तरी वाचतो. मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवावी, टेस्ट किटने रोज मोजावी, बदललेल्या पाण्यातही ती राखावी, आणि पूर्ण मात्रा गाठल्यापासून किमान ३ आठवडे ती खाली येऊ देऊ नये. ज्यांना तांबे टाळायचे आहे त्यांच्यासाठी स्थलांतराची पद्धत आहे: दर ३ दिवसांनी मासा कोरडी करून पुन्हा भरलेल्या टाकीत हलवायचा, असे ४ वेळा, म्हणजे गळून पडलेले कोष फुटण्यापूर्वीच मासा तिथून निघालेला असतो; परंतु ही पद्धत क्रिप्टोकॅरियॉनपुरतीच आहे. क्लाउनफिशच्या अंगावर दुधाच्या सायीसारखा बुळबुळीत थर आला तर ब्रुकलिनेला या आणखी एका परजीवीचा संशय घ्यावा, आणि तिथे तांबे कामाचे नाही. उपचार संपल्यावर औषधाविना आणखी दोन आठवडे मासा नजरेखाली ठेवावा. मीठ न लावलेल्या ताज्या कोळंबीचे बारीक तुकडे तो झडप घालून खातो की तोंडात घेऊन थुंकतो, विश्रांतीत कल्ले धापा टाकल्यासारखे हलतात की संथ, हे या दिवसांत रोज पाहावे.

माणसाच्या आरोग्याचा भागही इथे सोडता येत नाही. समुद्री माशांच्या परजीवींवर वापरले जाणारे क्लोरोक्वीन फॉस्फेट करोनावर चालेल या समजुतीने मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोनात एका दांपत्याने घेतले, त्यात पती मरण पावला. माशांची औषधे स्वयंपाकघरापासून दूर, कुलुपात आणि नाव लिहूनच ठेवावीत. विलगीकरण टाकीत हात सर्वांत अधिक वेळा जातो आणि आजारी मासेही तिथेच असतात, त्यामुळे बोटाला चीर असताना हातमोज्याशिवाय पाण्यात हात घालू नये. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयजंतूंच्या कुळातील जिवाणू अशा चिरेतून शिरतो आणि साधारण दोन ते आठ आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी लालसर गाठ येते, जी नेहमीच्या मलमांनी जात नाही आणि पुढे हातावर वर सरकत जाते. तिच्यावर औषधे आहेत, मात्र ती काही महिने घ्यावी लागतात. हा जिवाणू ३० ते ३३ अंशांना वाढतो, तर प्रयोगशाळेत नमुने सहसा ३७ अंशांना ठेवले जातात, त्यामुळे तपासणीत तो निसटू शकतो. म्हणून अशी गाठ घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या प्रत्येक वाचकाने, विचारले नाही तरी, घरी माशांची टाकी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.